पडद्यावरचा राग आणि वर्गातला राग

दादासाहेब फाळके यांनी नाशिकमध्ये असताना तयार केलेल्या ‘कालिया मर्दन’ (१९१९) या मूकपटाची सुरुवात कथेने होत नाही. कृष्णाचे काम करणारी त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी आधी नुसती कॅमेऱ्यासमोर येते आणि एकामागून एक भाव चेहऱ्यावर आणून दाखवते. प्रेक्षकाने फक्त चेहरा वाचायचा.

स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलांना भावना ओळखायला शिकवणारे अनेक संगणकीय खेळ याच पद्धतीचे असतात. पडद्यावर चेहरा येतो, खाली तीन-चार शब्द. बरोबर शब्दावर बोट ठेवले की टाळ्या वाजतात. आता असे खेळ पालकांच्या मोबाइलवर सहज मिळतात. मग पालक शिक्षकांना विचारतात, “रोज अर्धा तास खेळू देऊ का?” याचे उत्तर काय द्यावे?

या प्रकारातले एक विचारपूर्वक केलेले उदाहरण तपासून पाहू. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ सायमन बॅरन-कोहेन यांच्या गटाने ‘द ट्रान्सपोर्टर्स’ ही मालिका केली. तिच्यात सुमारे पाच-पाच मिनिटांच्या १५ गोष्टी आहेत आणि जोडीला प्रश्नांचे खेळ. पात्रे म्हणजे ट्राम, केबल कार यांसारखी ठरलेल्या मार्गाने धावणारी वाहने. त्यांना खऱ्या माणसांचे चेहरे बसवलेले. कल्पना मार्मिक आहे. अनेक स्वमग्न मुले अशा ठरावीक हालचालींत रमतात. ‘माझ्याकडे बघ’ असे मुलाला दटावण्याऐवजी त्याच्या आवडीच्या वस्तूवरच चेहरा ठेवला. शिवाय भावना गोष्टीतून येते, त्यामुळे राग का आला हेही कळते. नुसत्या चित्रांच्या खेळांपेक्षा ही मालिका इथे सरस ठरते.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४ ते ७ वर्षांच्या २० स्वमग्न मुलांनी ही मालिका चार आठवडे रोज पाहिली. त्यानंतर भाव ओळखण्याच्या चाचण्यांत ती इतर मुलांच्या बरोबरीला आली. मात्र हा अभ्यास मालिका करणाऱ्या गटाचाच होता. २०१२ साली ऑस्ट्रेलियात, बौद्धिक क्षमता कमी असलेल्या स्वमग्न मुलांवर झालेल्या चाचणीत फायदा तुटपुंजा निघाला, आणि इतरांशी वागण्याबोलण्यात फरक दिसला नाही.

असे का व्हावे? पडद्यावरचा राग ठसठशीत असतो आणि आपल्यासाठी थांबून राहतो. वर्गातला राग क्षणात येतो-जातो. कोणी रागावले की आवाज चढवते, कोणी गप्प होते. तेच हसू शाबासकीचे असते आणि छद्मीही. हा फरक चेहऱ्यावरून कमी आणि प्रसंगावरून जास्त कळतो.

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. शिकायचे ते फक्त स्वमग्न मुलाने, असे हे खेळ गृहीत धरतात. आपला ‘स्वमग्न’ हा शब्दही तेच सुचवतो, जणू मूल स्वतःत बुडाले म्हणूनच संवाद अडला. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली मांडले की ही अडचण दुहेरी आहे. पुढे काही प्रयोगांत इतर लोकांनाही स्वमग्न व्यक्तींचे भाव ओळखणे जड गेले. आनंदाने हात फडफडवणाऱ्या मुलाला आपण ‘नीट बस’ म्हणतो, तेव्हा न वाचता आलेला चेहरा कोणाचा?

म्हणून पालकांना सांगावे: मुलाला आवडत असेल तर खेळू द्या, पण सोबत बसा. खेळात आलेला शब्द घरातल्या प्रसंगाला जोडा. शिक्षकांनीही आपली भावना शब्दांत सांगावी, “वह्या भिजल्या म्हणून मला राग आलाय, तुझ्यावर नाही.” आणि ते मूल खूश असताना, घाबरले असताना काय करते, हे वर्गातल्या बाकीच्या मुलांना दाखवून द्यावे. हा धडा त्या खेळांत नाही. तो वर्गातच घ्यावा लागेल.