‘सौभद्र’ आणि ‘पारिजात’ शेजारी ठेवून

अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांच्या ‘संगीत सौभद्र’ (१८८२) नाटकात कर्नाटकी चालींची पदे आहेत, हे चिकोडीकडच्या कानाला सांगावे लागत नाही. याच जिल्ह्यातल्या कुलगोडच्या तम्मण्णांनी कन्नड ‘श्रीकृष्ण पारिजात’ नावारूपाला आणले. त्यातला कृष्ण रुसलेल्या सत्यभामेपुढे बेजार. सौभद्रातला बलरामाला पत्ता लागू न देता बहिणीचे लग्न जुळवतो. दोघेही देव कमी, घरधनी जास्त!

हल्ली प्रयोग आटोपशीर करायचा म्हणून सौभद्राची पदे छाटतात, ते मला अजिबात पटत नाही. गोष्ट उरते हो, पण या मातीतल्या चालीच जातात. आपल्याकडे यात्रेच्या हंगामात एकदा तरी दोन्ही खेळ लागोपाठच्या रात्री, एकाच मंडपात लावावेत. पदे न कापता.