‘स्मरणरंजन’ या संज्ञेची मर्यादा : लंडनमधील रेगे आणि चाहत्यांची स्मृती

‘नॉस्टॅल्जिया’साठी मराठी समीक्षेत ‘स्मरणरंजन’ हा शब्द रूढ झाला, तेव्हाच एक निवाडा नकळत दिला गेला. मूळ संज्ञा योहानेस होफर याने १६८८ साली वैद्यकाच्या प्रबंधात घडवली. परक्या मुलखात राहणाऱ्या स्विसांना जडणाऱ्या घरओढीच्या आजाराला नाव देण्यासाठी त्याने ‘परतणे’ आणि ‘वेदना’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडले. मराठी प्रतिशब्दात परतणेही नाही आणि वेदनाही नाही. उरले ते रंजन. त्यामुळे एखाद्या कलाकृतीला ‘स्मरणरंजनपर’ म्हटले की तिच्याविषयी आणखी काही बोलण्याची गरज नाही, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. ही समजूत तपासण्यासाठी येथे मुद्दाम एक दूरचे उदाहरण घेतले आहे. १९७०च्या दशकात लंडनमध्ये तरुण असलेले रेगेचे चाहते आज त्या रात्री आठवतात, तेव्हा नेमके काय आठवतात?

दुसऱ्या महायुद्धानंतर जमैका आणि इतर कॅरिबियन बेटांवरून ब्रिटनमध्ये आलेल्या कुटुंबांची, तेथेच वाढलेली मुले हा या संगीताचा मुख्य श्रोतृवर्ग होता. रेगे हे जमैकात १९६०च्या दशकाच्या अखेरीस आकाराला आलेले संगीत. लंडनमध्ये ते रेडिओवर क्वचितच ऐकू येई. ते पोचत असे ‘साउंड सिस्टिम’मधून. माणसाच्या उंचीची, पुष्कळदा घरीच बनवलेली ध्वनिक्षेपकांची खोकी, तबकड्या निवडणारा एक जण आणि ध्वनिवर्धकावरून बोलणारा दुसरा, अशी ही फिरती संस्था होती. प्रतिस्पर्ध्याला गाण्याचे नाव कळू नये म्हणून तबकडीवरची चिठ्ठी खरवडून टाकण्याची प्रथा होती. बासचे सूर कानाला ऐकू येण्याआधी छातीला जाणवत. अनेक क्लबांत काळ्या तरुणांना प्रवेश नसे, म्हणून हे सारे कोणाच्या तरी राहत्या घरात होई. खोलीतले सामान हलवायचे, दारात थोडे पैसे घ्यायचे, स्वयंपाकघरात बोकडाच्या मटणाचे कालवण शिजवायचे. या मेळाव्यांना ‘ब्लूज’ म्हणत. आजच्या आठवणींत ज्या खोलीची ऊब पुन्हा पुन्हा येते, ती खोली बाहेरचे दार बंद असल्यामुळे निर्माण झाली होती, ही गोष्ट पुढील विवेचनात नजरेआड होऊ देता येणार नाही.

स्व्हेतलाना बॉइम यांनी ‘द फ्यूचर ऑफ नॉस्टॅल्जिया’ (२००१) या ग्रंथात पुनःस्थापक आणि चिंतनशील अशा दोन प्रकारच्या स्मृतिव्याकुळतेत भेद केला आहे. पहिली हरवलेले घर पुन्हा उभारू पाहते, तर दुसरी हरवलेपणाच्या जाणिवेतच रेंगाळते. हा भेद उपयुक्त आहे. पण रेगेच्या चाहत्यांना तो लावू गेल्यास अडचण येते. ज्या काळाकडे ते परतू पाहतात, तो काळच मुळात दुसरीकडे पाहत होता. रास्ताफारी श्रद्धेने भारलेल्या रेगेत आफ्रिका हे गमावलेले घर आहे, आणि ज्या शहरात आपण राहतो ते ‘बॅबिलॉन’, म्हणजे बंदिवासाची भूमी. ब्रिक्स्टनमधल्या मुलाने जमैका पाहिलेले नसे आणि जमैकातल्या गायकाने आफ्रिका पाहिलेली नसे. तेव्हा आजच्या चाहत्याची ओढ ही एका जुन्या ओढीची ओढ आहे. तिच्या मुळाशी परतता येईल असे घर नाहीच.

स्मृतीच्या दोन संहिता शेजारी ठेवल्या म्हणजे मुद्दा अधिक स्पष्ट होईल. फ्रँको रोसो यांचा ‘बॅबिलॉन’ हा चित्रपट १९८० सालचा, म्हणजे तो काळ चालू असतानाचा. स्टीव्ह मॅक्क्वीन यांचा ‘लव्हर्स रॉक’ २०२० सालचा. तो १९८०च्या सुमारास पश्चिम लंडनमधील एका घरात रंगलेल्या एका रात्रीचा आहे. दोन्हींना जोडणारा एक माणूस आहे : संगीतकार डेनिस बोव्हेल. १९७४ साली क्रिकलवुडमधील एका क्लबवर पोलिसांनी छापा घातला तेव्हा बोव्हेल तेथे आपली साउंड सिस्टिम चालवत होते. खटला झाला, काही महिने त्यांना तुरुंगात काढावे लागले आणि पुढे अपिलात शिक्षा रद्द झाली. ‘बॅबिलॉन’चे संगीत त्यांचे आहे. ‘लव्हर्स रॉक’च्या केंद्रस्थानी असलेले, जॅनेट के यांनी गायलेले ‘सिली गेम्स’ (१९७९) हे गाणेही त्यांनीच रचले होते.

‘बॅबिलॉन’चा शेवट पोलीस दार फोडून आत येत असताना होतो. नायक गात राहतो आणि चित्रपट संपतो. तो पाहताना रंजनाचा आरोप कोणी करणार नाही. मात्र त्याच्या चौकटीत स्त्रिया जवळजवळ कडेलाच आहेत. साउंड सिस्टिम उचलणारे, भांडणारे, पोलिसांपासून पळणारे सगळे पुरुष. हीच निवड त्या काळच्या समीक्षेनेही केली. डिक हेब्डिज यांच्या ‘सबकल्चर’पासून (१९७९) या संगीताकडे प्रतिकाराची भाषा म्हणून पाहण्याची पद्धत रुळली. ती चुकीची नव्हती. पोलीस केवळ संशयावरून १८२४ सालच्या भटक्यांविषयीच्या कायद्याखाली पोरांना रस्त्यावर धरत असताना दुसरे काही दिसणे कठीणच होते. पण त्याच वेळी शाळकरी वयाच्या मुली प्रेमाची, रुसव्याची, वाट पाहण्याची गाणी गात होत्या. लुइसा मार्क यांची १९७५ची तबकडी आणि त्यानंतरची ही परंपरा ‘लव्हर्स रॉक’ या नावाने ओळखली गेली. ‘सिली गेम्स’ ब्रिटनच्या विक्रीयादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचले. तरी गंभीर अभ्यासकांच्या लेखी ही गाणी हळवी आणि म्हणून राजकारणाबाहेरची होती. त्यांना जपले ते चाहत्यांनी, विशेषतः त्या काळी तरुण असलेल्या स्त्रियांनी. सिद्धान्ताने जे गाळले ते येथे स्मरणरंजनाने सांभाळले, आणि पुढे अभ्यासाला ते दखलपात्र झाले. आपल्या समजुतीला तडा जातो तो या ठिकाणी.

मॅक्क्वीन यांचा जन्म १९६९चा. ती खोली त्यांच्या स्वतःच्या तरुणपणाची नव्हे. आधीच्या पिढीकडून, नात्यातल्या स्त्रियांकडून त्यांनी ती ऐकली. स्मृती अशी वारशाने मिळालेली असल्यामुळेच कदाचित ती इतकी स्पर्शमय झाली आहे. भिंतींवर साचलेला दमटपणा, कालवण ढवळताना गाणाऱ्या बायका, एकमेकांना टेकून जेमतेम हलणारी जोडपी. ‘सिली गेम्स’ची तबकडी संपते आणि खोलीतले सगळे ते गाणे कोणत्याही साथीशिवाय गात राहतात. हा प्रसंग पडद्यावर मिनिटांमागून मिनिटे चालतो. कथानक पुढे सरकत नाही. चाहत्याच्या स्मृतीचे याहून नेमके रूप मला दुसरीकडे आढळलेले नाही. येथे एक तांत्रिक गोष्टही ध्यानात घ्यावी. रेगेच्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर पुष्कळदा त्याच गाण्याची ‘व्हर्शन’ असे, म्हणजे गायकाचा आवाज काढून टाकून ठेका आणि बास मागे ठेवलेले रूप. किंग टबी आदींनी त्यातूनच ‘डब’ घडवले. त्यात गायलेल्या शब्दाचा एखादा तुकडा प्रतिध्वनीसारखा येतो आणि विरतो. ज्या संगीताने गाण्याची अनुपस्थिती हाच एक प्रकार बनवला, त्याच्या चाहत्याला आठवण म्हणजे काय हे बाहेरून शिकावे लागत नाही. मॅक्क्वीन यांनी फक्त उलटे केले आहे. येथे वाद्ये जातात आणि आवाज मागे राहतो.

तरीही हा चित्रपट दार विसरत नाही. नायिका मार्था घराबाहेर पाऊल टाकते तेव्हा गोरी पोरे तिला डिवचतात. आतही सारे सुरक्षित नाही. ज्या मुलीचा वाढदिवस आहे तिच्यावर आलेला अतिप्रसंग मार्थाच रोखते. शिवाय वाढदिवस हा शब्द या शहराच्या काळ्या वस्तीत निरागस राहिलेला नाही. १८ जानेवारी १९८१ रोजी न्यू क्रॉसमधील एका घरात वाढदिवसाच्या रात्री आग लागून तेरा तरुण मुले-मुली मृत्युमुखी पडली. १९८१ आणि २००४ अशा दोन मृत्यूचौकशांनंतरही कारणाविषयी निर्णय खुलाच राहिला. मॅक्क्वीन ही आग दाखवत नाहीत. ज्यांना दिसायची त्यांना ती प्रत्येक दृश्यामागे दिसते.

गोऱ्या चाहत्याची स्मृती वेगळी आहे, आणि तिच्याविषयी थोडक्यात बोलले तरी चालेल. ३० एप्रिल १९७८ रोजी व्हिक्टोरिया पार्कमध्ये वंशवादविरोधी मेळाव्यात त्याने स्टील पल्स ऐकले. त्याला आठवतो तो मोकळ्या मैदानातला दिवस. ती आठवण खोटी नाही, त्या पोरांनी घेतलेली बाजूही खोटी नव्हती. पण संध्याकाळी ज्या क्लबमध्ये तो गेला असेल, त्याच्या दारात त्याला कोणी थांबवले नसणार. म्हणून त्याच्या आठवणीत दार नाही. येथे ‘स्मरणरंजन’ हा शब्द बराचसा चपखल बसतो.

मात्र एका धोक्याची जाणीव ठेवणे आवश्यक वाटते. प्रत्येक गोड आठवणीने आपली जखम दाखवल्याशिवाय तिला प्रवेश नाही, असा नियम समीक्षेने केला तर तीही दारात उभी राहणाऱ्या माणसासारखीच वागू लागेल. प्रस्तुत लेखकाने वर्गात अनेक वर्षे हाच नियम चालवला आहे. साठीतली एखादी बाई ‘सिली गेम्स’मधला तो उंच स्वर गाठू पाहते तेव्हा ती प्रतिकार करत असते की रमत असते, हे ठरवण्याची घाई मला आता वाटेनाशी झाली आहे. मार्था पहाटे घरी येते, बाहेरच्या कपड्यांनिशीच पांघरुणात शिरते, आणि लगेच तिला चर्चला जाण्यासाठी हाक येते. रात्रभर ती कोठे होती, हे हाक मारणाऱ्या बाईला ठाऊक नाही.