लिलावांतील जुनीं शस्त्रें आणि संग्राहकांचा शिष्टाचार

जुन्या शस्त्रांचा संग्रह करणाऱ्या मंडळींत हल्लीं एका प्रश्नावरून बरीच कुरबुर ऐकूं येते. प्रश्न वरवर क्षुल्लक दिसत असला तरी त्याच्या मुळाशीं इतिहासाचें हित गुंतलेलें आहे; म्हणून त्याचा विचार वाचकांपुढें मांडणें आम्हांस अवश्य वाटतें. प्रश्न असा : लंडनच्या किंवा दुसऱ्या एखाद्या शहरच्या लिलावांत मराठी घाटाची जुनी तलवार, कट्यार किंवा दांडपट्टा विक्रीस आला आहे असें एका संग्राहकाच्या दृष्टीस पडलें, तर त्यानें ती गोष्ट सोबत्यांस सांगावी, कीं मुकाट्यानें बोली बोलून वस्तु पदरांत पाडून घ्यावी? पूर्वीं हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. सातारा-सांगलीकडील हौशी मनुष्यास शस्त्र मिळे तें एखाद्या पडक्या वाड्याच्या माळ्यावरून, शिकलगाराकडून, नाहीं तर मोडीच्या बाजारांतून. आणि त्याची वार्ता गांवच्या वेशीबाहेर सहसा जात नसे. आतां इंटरनेटच्या योगानें परदेशचा लिलाव मिरजेच्या माडीवर बसलेल्या गृहस्थासही हातांतल्या मोबाईलवर दिसतो, आणि तोच त्याच्या प्रतिस्पर्ध्यासही दिसूं शकतो. यामुळें बातमी झांकण्याचा मोह कमी न होतां उलट वाढला आहे.

मौन पाळणाऱ्यांचा पक्ष अगदींच टाकाऊ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परदेशी लिलावाच्या सूचीपत्रांत पुष्कळदां ‘हिंदी तलवार, अठरावें शतक’ एवढाच मोघम मजकूर असतो. ती मूठ मराठी घाटाची आहे, पातें फिरंगी आहे, परज मागाहून बसविलेली आहे, हें ओळखण्यास दहावीस वर्षें डोळे झिजवावे लागतात. ज्यानें हा अभ्यास केला तो बहुधा धनिक नसतो. त्याचें ज्ञान हेंच त्याचें भांडवल. त्यानें बोलीपूर्वीं चार ठिकाणीं सांगितलें कीं वस्तु हटकून अधिक पैसेवाल्याच्या घरीं जावयाची. तेव्हां बोली संपेपर्यंत आपण पाहिलेल्या वस्तूची दवंडी पिटण्यास कोणी बांधलेला नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. मौनाचा हा हक्क किती दूर जातो, एवढाच काय तो वाद आहे.

त्या हक्काची पहिली मर्यादा मित्राच्या विश्वासाची. एकानें दुसऱ्यास खाजगींत सांगितलें कीं ‘अमुक कट्यारीवर माझा डोळा आहे’, आणि ऐकणाऱ्यानें ‘वा, छान’ म्हणून रात्रीं तिच्यावरच बोली चढविली, तर त्यास चातुर्य म्हणतां येणार नाहीं; तो विश्वासघात होय. ऐकणाऱ्यानेंही ती वस्तु आधींच हेरली असेल तर त्यानें तेथल्या तेथें तसें सांगावें. पुढें दोघांनीं उघडपणें स्पर्धा केली तरी मैत्रीस बाध येत नाहीं. याहूनही वाईट एक प्रकार आहे. एखादा संग्राहक पात्यावरील अक्षरांचें छायाचित्र मोडी व देवनागरी लेख वाचणाऱ्या विद्वानाकडे पाठवितो, लेख लावून घेतो, पण ती वस्तु लिलावांत आहे हें मात्र सांगत नाहीं. ताकास जाऊन भांडें लपविण्याचा हा प्रकार आहे. विद्वानाच्या श्रमावर ज्याला लाभ मिळवावयाचा त्यानें त्याला काय चाललें आहे तें स्पष्ट सांगितलें पाहिजे, आणि पुढें त्या लेखाचें वाचन त्याच्या नांवानें प्रसिद्ध केलें पाहिजे.

दुसरी मर्यादा विकणाऱ्याच्या हिताची, आणि तिच्याविषयीं संग्राहकांच्या बैठकींत फार थोडें बोललें जातें. ‘या वेळीं तुम्ही घ्या, पुढच्या वेळीं मी घेईन’ अशी भाषा दोघां मित्रांत निघाली तर ती सौजन्याची वाटते. तीच दहा व्यापाऱ्यांत ठरून गेली म्हणजे तिचें साटेंलोटें होतें, आणि चढाओढ मरून वस्तु मातीमोल किंमतीस जाते. हा रोग इंग्लंडांत इतका माजला होता कीं, बोली न बोलण्याबद्दल व्यापाऱ्यानें मोबदला देणें किंवा घेणें हा तेथें १९२७ च्या कायद्यानें गुन्हा ठरविण्यांत आला. आपल्याकडील १९३० च्या मालविक्रीच्या कायद्यानें विकणाऱ्यावरही बंधन घातलें आहे : आपण बोली बोलण्याचा हक्क राखून ठेवल्याचें आगाऊ जाहीर न करतां त्यानें आपलाच माणूस उभा करून किंमत चढविली, तर घेणाऱ्यास तो व्यवहार कपटाचा मानतां येतो. लबाडी दोन्ही बाजूंनीं होऊं शकते, हें कायद्यानें ओळखलें आहे. संग्राहकांच्या शिष्टाचारानेंही तें ओळखावयास हवें.

आमच्या भागांत विकणारा कोण असतो याचा विचार करा. कर्ते पुरुष मुंबई-पुण्यास गेलेले, वाड्याची एक बाजू पावसाळ्यांत बसलेली, आणि घरांत उरलेली वृद्ध स्त्री. खंडेनवमीस जिच्यावर दर वर्षीं हळदकुंकू वाहिलें ती तलवार ती विकावयास काढते, ती हौसेनें खास नव्हे. गिऱ्हाइकांनीं आपसांत ठरवून तिला लोखंडाचा भाव द्यावा आणि वर्षाच्या आंत तीच तलवार दूरच्या लिलावांत दसपटीनें विकावी, यास शिष्टाचार म्हणावयाचें असेल तर लूट कशास म्हणावें? जाणत्या मनुष्यानें स्वतः भरपूर किंमत द्यावी. तितकी ऐपत नसेल तर निदान ‘ही वस्तु मौल्यवान आहे, घाई करूं नका’ एवढें तरी सांगावें.

तिसरी मर्यादा इतिहासाची, आणि आमच्या मतें तीच सर्वांत महत्त्वाची. बोलीपूर्वींचें मौन क्षम्य आहे. परंतु वस्तु हातीं आल्यावरही तें चालू ठेवणें अक्षम्य होय. तलवार कोणत्या घराण्यांतून निघाली, कोणत्या लिलावांतून आली, तिच्यासोबत कागद होता कीं नाहीं, हें नोंदलें गेलें नाहीं तर एका पिढीनंतर ती नुसतें लोखंड होते. मालकीची परंपरा केवढ्या नाजूक धाग्यावर टिकते याचें उदाहरण साताऱ्याच्या लोकांनीं अलीकडेच पाहिलें आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधील वाघनखें जुलै १९२४ मध्यें नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, जुलै २०२४ मध्यें साताऱ्याच्या छत्रपति शिवाजी महाराज संग्रहालयांत ठेवण्यांत आलीं, तेव्हां दर्शनास मोठी गर्दी लोटली. त्या वाघनखांची सारी कथा त्यांच्या पेटीवरील मजकुरावर उभी आहे : साताऱ्यास रेसिडेंट असतां जेम्स ग्रँट डफ यास तीं पेशव्यांच्या प्रधानाकडून मिळालीं, असें ती पेटी सांगते. शिवाजीमहाराजांनीं वापरलेलीं वाघनखें हींच, असें निश्चित सिद्ध करतां येत नाहीं, असें त्या म्युझियमनेंच म्हटलें आहे. देतां-घेतां त्याच वेळीं कोणी चार ओळी अधिक लिहून ठेवल्या असत्या तर आजचा वाद उरला नसता. आणि पेटीवर तेवढींही अक्षरें नसतीं तर वाद करण्यापुरतेंही कांहीं उरलें नसतें.

या बाबतींत आमच्याच प्रांतानें घालून दिलेला कित्ता विसरण्याजोगा नाहीं. राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्यें काढला, तो वाईस मिळालेल्या पत्रांवरून. मिरजेस शाळेंत संस्कृत शिकविणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनीं पटवर्धनी दप्तरांतील कागद वाचून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंडामागून खंड छापले. साताऱ्याच्या दत्तात्रय बळवंत पारसनिसांनीं मेणवलीच्या नाना फडणिसांच्या दप्तरासारखें धन मिळविलें, चित्रें व दुर्मिळ वस्तु जमविल्या, आणि ‘इतिहाससंग्रहां’तून पुष्कळ कागद लोकांपुढें ठेवले. या तिघांच्या रीति भिन्न होत्या, आणि सापडलेला कागद आपल्याच हातीं यावा ही ईर्ष्या त्यांच्याही काळीं होतीच. तथापि त्यांचें आज काय उरलें तें पहा. पारसनिसांचा संग्रह साताऱ्यास राहिला नाहीं. तो १९३९ मध्यें पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत गेला. परंतु जें छापलें गेलें तें ज्याच्या त्याच्या हातीं आहे, मूळ कागद कोणाच्या पेटींत आहे यावर तें अवलंबून नाहीं. मालकी बदलते, प्रसिद्धि टिकते. शिवाय पत्राची नक्कल छापतां येते. तलवारीची तशी येत नाहीं. म्हणूनच तिचें वर्णन, माप आणि पूर्ववृत्त लिहून ठेवण्याची जबाबदारी शस्त्रसंग्राहकावर कागद जमविणाऱ्याहूनही अधिक आहे.

मौनाच्या हक्कास एक अपवाद मात्र बोलीपूर्वींही केला पाहिजे. कांहीं वस्तु अशा असतात कीं त्यांची जागा कोणाच्या दिवाणखान्यांत नसून सार्वजनिक संग्रहालयांतच असते. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या नांवाची तलवार एप्रिल २०२५ मध्यें लंडनला सदबी या पेढीच्या लिलावांत आली. पातें युरोपी, मूठ मुल्हेरी घाटाची, आणि पात्यावर देवनागरींत सेनासाहेब सुभ्यांचें नांव. लिलाव अगदीं तोंडावर आला असतां ही वार्ता महाराष्ट्र सरकारच्या कानीं पडली; सरकारनें मध्यस्थामार्फत बोली बोलून ती घेतली, आणि सुमारें ४७ लाख १५ हजार रुपये खर्चून ऑगस्टमध्यें ती मुंबईस आणली. यावरून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. वार्ता योग्य ठिकाणीं पोंचली नसती तर तलवार आली नसती, ही एक. आणि घेणाऱ्या सरकारनेंही मध्यस्थ पुढें करून घेतली, ही दुसरी. कारण बाजारांत गवगवा केला म्हणजे किंमत चढते. अर्थात् अशी वस्तु दिसतांच संग्राहकानें ती चव्हाट्यावर न मांडतां संग्रहालयाच्या किंवा पुरातत्त्व खात्याच्या अधिकाऱ्यांस कळवावी, आणि स्वतः बाजूस व्हावें.

आतां दुसऱ्यानें दाखविलेल्या वस्तूवर मत देण्याविषयीं. येथें दोन टोकें दिसतात. नवी खरेदी कौतुकानें पुढें ठेवली कीं कोणी ती पाहण्यापूर्वींच वाहवा करतो. तर कोणी लिलाव चालू असतांनाच ‘बनावट आहे’ अशी हूल उठवून प्रतिस्पर्ध्यांस पळवितो आणि मग स्वतःच ती घेतो. पहिलें खोटें असून निरुपद्रवी आहे, दुसरें सरळ कपट आहे. शंका असेल तर ती कारणांसह सांगावी, आणि घेणाऱ्यास एकांतांत सांगावी. जुन्या काळीं हें काम शिकलगार करीत. कोणत्या वाड्यांत कोणतें पातें आहे, मूठ केव्हां बदलली, हें त्यांस तोंडपाठ असे. मिरजेचे फरीदसाहेब मूळचे याच धंद्यांतले. शस्त्रांचें काम बसलें तेव्हां, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, त्यांनीं तंबोरे व सतारी घडविण्यास आरंभ केला आणि मिरजेचें नांव देशभर झालें. संगीताचा त्यांत लाभ झाला. पण शस्त्रें ओळखणारी ती जाणती नजर मात्र गेली. ती उणीव संग्राहकांनींच परस्परांशीं प्रामाणिकपणें बोलून भरून काढावयाची आहे.

जपानांत याची बरीचशी तजवीज आधींच झालेली दिसते. तेथील लोहार तलवारीच्या मुठींत जाणाऱ्या भागावर आपलें नांव कोरीत असे, आणि १९५८ च्या कायद्याप्रमाणें जुन्या तलवारीचा नोंदणीदाखला तलवारीबरोबरच फिरतो. मालक बदलला म्हणजे प्रांताच्या शिक्षणमंडळास कळवावें लागतें. स्वयंपाकाच्या सुरीवरही कारागिराचें नांव असणें तेथें नवलाचें नाहीं. आमच्या पात्यांवर लोहाराचें नांव क्वचितच सांपडतें. जें तेथें कोरीव अक्षरें व कायदा करतात, तें येथें चालीरीतीनेंच साधलें पाहिजे.

कोणी म्हणेल, सर्व उघड केलें तर चोरांस वाट दाखविल्यासारखें होईल. यावर उत्तर सोपें आहे : मालकाचें नांव व घराचा पत्ता गुप्त ठेवावा, लांबी, वजन, लेख, छायाचित्र आणि वस्तु कोठून आली हें प्रसिद्ध करावें. कोणी कायद्याची भीति घालील. पण जो कायद्यास भितो त्यानेंच अधिक उघडें राहावें. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याप्रमाणें शंभर वर्षांहून जुनी वस्तु खाजगी मनुष्यास परदेशीं पाठवितां येत नाहीं. जमिनींत दहा रुपयांहून अधिक किंमतीचें निधान सांपडल्यास १८७८ च्या कायद्यानें कलेक्टरास कळवावें लागतें. तेव्हां परदेशी लिलावांत बोली बोलण्यापूर्वीं ‘ही वस्तु हिंदुस्थानाबाहेर केव्हां गेली?’ हा प्रश्न विकणाऱ्यास विचारलाच पाहिजे. उत्तर मिळत नसेल तर दूर राहावें. गुपचूप घेणारा गिऱ्हाईक आहे म्हणूनच देवळांतील आणि वाड्यांतील चोऱ्यांस हुरूप येतो.

ज्यांच्या घरीं वडिलोपार्जित शस्त्र आहे, पण संग्रहाचा नाद नाहीं, अशा वाचकांसही आमचें एक सांगणें आहे. येत्या खंडेनवमीस तें बाहेर काढाल तेव्हां त्याची लांबी मोजा, त्यावरील अक्षरांचें छायाचित्र घ्या, आणि घरांतील वृद्ध मंडळी त्याविषयीं जें सांगतात तें तारीख घालून एका कागदावर उतरवून म्यानाबरोबर ठेवा. ऐकीव असेल तें ऐकीव म्हणूनच लिहा. पातें घासून चकचकीत करूं नका. त्यांत अक्षरें जातात. पुढें कधीं तें विकण्याची वेळ आलीच, तर तो कागदही त्यासोबत जाऊं द्या आणि त्याची एक प्रत आपल्यापाशीं ठेवा. लोखंडाचा भाव देऊं पाहणाऱ्यास तो कागदच उत्तर देईल.