ठरावाने खुले

नगरपालिकेच्या दप्तरातील 'खुले' या शब्दाकडे आपण सावधपणेच पाहिले पाहिजे. १९२३ च्या बोले ठरावाला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले. प्रत्यक्षात त्या पाण्याला आपला हात लागायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. तीन वर्षे तळे ठरावाने खुले होते आणि वहिवाटीने बंद होते.

आज महापालिका आणि संस्था मिळून वस्त्यांची माहिती गोळा करतात व ती खुली करण्याची भाषा बोलतात. हे काम टाकाऊ नाही. १९९३ साली पुण्यात सुरू झालेल्या 'शेल्टर असोसिएट्स'ने झोपडपट्टीतील घर न् घर नकाशावर घेतले. कोणत्या घरात संडास नाही, मलवाहिनी कुठवर आली आहे, हे नोंदवले. संस्थेने सामान दारात द्यायचे आणि संडास कुटुंबाने बांधायचा, ही रीत त्या नोंदीवरच उभी राहिली. नवी मुंबईतही या संस्थेने काम केले आहे. जे घर कोणत्याच कागदावर नव्हते ते नकाशावर येणे, ही लहान गोष्ट नव्हे.

माझा आक्षेप त्यापुढचा आहे. दिघा-तुर्भ्याहून माझ्या वर्गात येणाऱ्या मुलांना मी विचारले, घरी कधी मोजणीवाले आले होते का? बरेच हात वर झाले. आपल्या घराची नोंद पुढे कोणी वाचली? एकही हात वर झाला नाही. झोपडीच्या मोफत पुनर्वसनासाठी राज्यात १ जानेवारी २००० ही मर्यादा आहे. एका चुकलेल्या नावाची किंवा सालाची किंमत काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. ज्याने दार उघडून माहिती दिली त्यालाच ती वाचता आणि दुरुस्त करता येत नसेल, तर ती खुली कोणासाठी?

माहिती अधिकार कायदा, २००५ चे कलम ४ स्थानिक भाषेचा विचार करायला सांगते; प्रसाराच्या साधनांत सूचना फलकही मोजते. तेव्हा इंग्रजी तक्ता संकेतस्थळावर टाकून जबाबदारी संपत नाही. यादी मराठीत विहाराच्या, समाजमंदिराच्या भिंतीवर लागावी, बायाबापड्यांसमोर मोठ्याने वाचली जावी, हरकती घेतल्याशिवाय ती अंतिम होऊ नये.

आणि वाचणार कोण? वस्तीतून शिकून बाहेर पडलेले आपण. महाडचा ठराव नगरपालिकेने केला. तळे मात्र माणसे चालत गेली तेव्हाच खुले झाले.