लमाण आणि नटसम्राट : डॉ. श्रीराम लागूंच्या अभिनयविचारातील एक ताण

डॉ. श्रीराम लागू (१९२७-२०१९) यांनी आपल्या आत्मचरित्राला ‘लमाण’ असे नाव दिले. नाटककाराचा माल प्रेक्षकांपर्यंत वाहून नेणारा तो नट, ही त्यामागील धारणा. मराठी रंगभूमीवरील नटपूजेच्या परंपरेत ती निश्चितच विवेकी ठरते. मात्र तिची चिकित्सा लागूंच्याच कारकिर्दीच्या कसोटीवर व्हायला हवी.

कान-नाक-घशाचे शल्यविशारद असलेले लागू १९६९ मध्ये पूर्णवेळ नट झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ दिग्दर्शित केले आणि वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मध्ये गणपतराव बेलवलकर उभा केला. ‘गिधाडे’साठी त्यांना नाट्यपरिनिरीक्षण मंडळाशी झगडावे लागले. निव्वळ वाहक आपल्या मालासाठी असा झगडत नाही. वाहण्याआधी निवड असते, आणि निवडीबरोबर उत्तरदायित्व येते. ‘लमाण’ या रूपकात नेमके हेच झाकले जाते.

‘नटसम्राट’मध्ये हा ताण अधिक गुंतागुंतीचा होतो. बेलवलकर हा निवृत्त नट आहे. घरगुती अपमानालाही तो रंगभूमीच्याच भाषेत सामोरा जातो. त्यामुळे त्याच्या स्वगतांत नाटककाराचे काव्य, पात्राची सवय आणि नटाचे वाक्सामर्थ्य एकमेकांत मिसळतात. लागूंच्या अभिनयाचे मर्म हे की, त्यांनी या भाषेला पात्राचे वैभव मानले, तसेच तिला त्याचा आश्रयही मानले. तरीही प्रेक्षकाने स्मरणात जपला तो लमाण नव्हे, सम्राट. नट स्वतःला पुसू पाहतो; प्रयोग त्याला पुसू देत नाही.

या रूपकाशी अधिक सुसंगत ठरतात त्यांच्या विचारप्रधान भूमिका. गो. पु. देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’तील चौकशीला सामोरा जाणारा मार्क्सवादी प्राध्यापक असो वा ‘सामना’ चित्रपटातील मद्यपी मास्तर, तेथे विचार आधी ठरवून मग उच्चारलेला वाटत नाही; तो अडखळत, थांबत, प्रेक्षकासमोरच घडतो. लागूंचा बुद्धिवाद त्यांच्या जाहीर भूमिकांइतकाच या विरामांतही आढळतो.

असंख्य हिंदी चित्रपटांतील चरित्रभूमिकांत मात्र मालाच्या निवडीला वाव क्वचितच उरला. वाहकाचे कौशल्य तेथेही दिसते. पण केवळ वाहण्याने लागू मोठे झाले नाहीत, हेही तेथेच सिद्ध होते. लमाणाची थोरवी त्याच्या पाठीच्या बळात जितकी, तितकीच कोणता माल उचलायचा या निर्णयात आहे. लागूंच्या विनयाने नाकारलेले हे कर्तृत्व समीक्षेने त्यांच्या पदरी घालणे आवश्यक आहे.