वात पेटली, पण बायोडिझेल झाले का?

नवी मुंबईतील एका शालेय विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक म्हणून गेले होते. नववीच्या मुलांनी वडापावच्या गाडीवरचे वापरलेले तेल आणून त्यापासून बायोडिझेल तयार केले होते. तक्ता नेटका होता, बाटलीतला द्रव सोनेरी आणि पारदर्शक होता. ‘हे बायोडिझेल झाले आहे, हे कशावरून?’ असे विचारताच मुलांनी त्यात वात भिजवून पेटवली. ज्योत छान लागली, टाळ्याही पडल्या. मग मी त्यांच्याकडचे मूळ तेल मागून घेतले आणि त्यात दुसरी वात भिजवायला सांगितली. तीही तितकीच छान जळली. मुले गोंधळली. तेलाचे दिवे आपण पिढ्यान्‌पिढ्या लावत आलो आहोत, ही गोष्ट त्या क्षणापर्यंत कोणाच्याच लक्षात आली नव्हती.

दोष मुलांचा नाही. असे प्रकल्प सुचावेत असेच वातावरण आहे. २०१८ साली जैवइंधनाचे राष्ट्रीय धोरण आले आणि २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे लक्ष्य ठरले. त्याच वर्षी वापरलेल्या खाद्यतेलापासून बायोडिझेल करण्याची मोहीम भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने हाती घेतली. विषय चांगला आहे. माझी तक्रार आहे ती आपण शिक्षक आणि परीक्षक ‘चाचणी’ म्हणून जे चालवून घेतो त्याबद्दल. जी चाचणी कच्चा मालही उत्तीर्ण होतो, ती चाचणीच नव्हे.

अभिक्रियेत काय घडते ते पाहू. तेलाच्या रेणूत ग्लिसरीनला तीन मेदाम्ले जोडलेली असतात. मेथॅनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा यांच्या साहाय्याने ती एकेक करून सुटतात आणि त्यांचे मेथिल एस्टर बनतात. हेच बायोडिझेल. ग्लिसरीन तळाशी बसते. हे टप्प्याटप्प्याने होत असल्यामुळे अभिक्रिया मध्येच थांबू शकते. मग न बदललेले तेल आणि अर्धवट बदललेले रेणू वरच्या थरातच राहतात. शिवाय साबण, कॉस्टिक, पाणी आणि उरलेले मेथॅनॉलही त्यात असू शकते. म्हणजे तळाशी ग्लिसरीन दिसले एवढ्याने काम पूर्ण झाले असे ठरत नाही.

आता नेहमीच्या चाचण्या तपासू. वात पेटण्याबद्दल एक गंमत लक्षात घ्यावी. चांगले बायोडिझेल १०० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापल्याशिवाय त्याच्या वाफा पेट घेत नाहीत. मेथॅनॉलच्या वाफा सुमारे ११ अंशांनाच पेटतात. तेव्हा द्रव चटकन पेटला, तर ते गुणाचे नव्हे, मेथॅनॉल नीट काढले नसल्याचे लक्षण असू शकते. पारदर्शकता पाण्याबद्दल थोडेफार सांगते, पण नवे गोडेतेलही पारदर्शकच असते. निर्देशक कागद तेलात बुडवून मिळणाऱ्या रंगाला अर्थ नाही. तो कागद धुतलेल्या पाण्यात बुडवावा, आणि तेव्हाही तो फक्त उरलेल्या कॉस्टिकबद्दल सांगतो. घनता मोजणे शास्त्रीय वाटते. तेलाची घनता सुमारे ०.९२, बायोडिझेलची सुमारे ०.८८. पण १० टक्के तेल तसेच राहिले तरी घनतेत फरक पडतो तो ०.००४ एवढाच, आणि तापमान पाच-सहा अंशांनी बदलले तरी तेवढाच फरक पडतो.

मग उपयोगी काय? पहिली, पाण्याची चाचणी. धुतलेले बायोडिझेल आणि पाणी सारख्या प्रमाणात बाटलीत घेऊन जोरात हलवावे. अर्ध्या तासात दोन स्वच्छ थर झाले तर ठीक. मध्ये दुधाळ साय राहिली तर साबण किंवा अर्धवट बदललेले रेणू आहेत. मात्र नवे गोडेतेलही या चाचणीत पास होते!

म्हणून दुसरी, मेथॅनॉलची चाचणी. १ भाग नमुना ९ भाग मेथॅनॉलमध्ये हलवावा. एस्टर विरघळतात, तेल विरघळत नाही व तळाशी थेंब दिसतात. येथे अर्धवट बदललेले रेणू निसटून जाऊ शकतात, पण ते पाण्याच्या चाचणीत सापडतात. एकीची उणीव दुसरी भरून काढते. एक खबरदारी हवी. या कृतीत सुमारे २० अंश तापमान गृहीत धरलेले असते. आपल्याकडच्या ३०-३२ अंशांच्या खोलीत थोडे तेलही विरघळून जाते आणि वाईट नमुना पास होतो. त्यामुळे बाटली गार पाण्यात ठेवून तापमान उतरवावे.

तिसरी, श्यानता. एकाच पिपेटमधून सारख्याच तापमानाला मूळ तेल आणि नमुना वाहू द्यावा व वेळ मोजावा. ४० अंशांना तेल बायोडिझेलच्या सात-आठ पट घट्ट असते. १० टक्के तेल उरले तर वेळ ढोबळमानाने पाचव्या हिश्शाने वाढतो. घनतेला जे कळत नाही, ते घड्याळाला कळते.

प्रत्येक चाचणीत तीन बाटल्या ठेवाव्यात: मूळ तेल, नमुना, आणि मुद्दाम १० टक्के तेल मिसळलेला नमुना. तिसरी बाटली वेगळी ओळखू आली नाही, तर आपली चाचणी आंधळी आहे. मुलांनी ही गोष्ट वहीत लिहिली तर मी तिला तक्त्यापेक्षा जास्त गुण देईन.

मेथॅनॉल विषारी आहे, त्वचेतूनही शरीरात जाते, त्याने दृष्टी जाऊ शकते आणि त्याची ज्योत उजेडात जेमतेम दिसते. हातमोजे, चष्मा, उघड्या खिडक्या आणि शिक्षकांची उपस्थिती अनिवार्य समजावी. त्या टेबलाजवळ वात पेटवू नये.

आणि या तिन्ही चाचण्या पास झाल्या तरी ते इंधन कोणाच्या टेम्पोत किंवा जनरेटरमध्ये ओतू नये. आय.एस. १५६०७ या भारतीय मानकानुसार मुक्त ग्लिसरीन ०.०२ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. ते शोधणे आपल्या बाटल्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे. घरगुती चाचणी नमुना नापास करू शकते. तो निर्दोष असल्याचे प्रमाणपत्र देऊ शकत नाही. हा फरक मुलांना कळला, तर प्रकल्प यशस्वी झाला असे मी म्हणेन, मग बाटलीत काहीही असो.