किनारी हिरे-खाणकामाच्या पर्यावरणीय आघाताचे मूल्यमापन : आधाररेषेचा प्रश्न

प्रस्तावना

पर्यावरणीय आघात मूल्यमापनाची संकल्पना अमेरिकेतील १९६९ च्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यातून पुढे आली व नंतरच्या काही दशकांत बहुतेक देशांनी ती स्वीकारली. प्रकल्पापूर्वीची परिस्थिती नोंदवावी, संभाव्य बदलांचा अंदाज बांधावा आणि त्यांवर उपाय सुचवावेत, असे या पद्धतीचे स्थूल स्वरूप आहे. धरण वा कारखाना यांसारख्या प्रकल्पांना ती बऱ्याच अंशी लागू पडते. परंतु जेथे खाणकाम अशा कायद्यांच्या कितीतरी आधी सुरू झाले आणि जेथे भूमी व समुद्र यांची सीमाच खाणकामाने हलविली, तेथे ही पद्धती नेमके काय मोजते, हा प्रश्न उपस्थित होतो. दक्षिण आफ्रिका व नामिबिया यांच्या सीमेवरील ऑरेंज नदीच्या मुखापासून उत्तरेस ल्यूडरिट्झपर्यंतचा अटलांटिक किनारा या दृष्टीने विशेष अभ्यसनीय होय.

किनारा आणि त्याचे उत्खनन

या किनाऱ्यावरील हिरे मूळचे तेथील नव्हेत. दक्षिण आफ्रिकेच्या अंतर्भागातील किंबर्लाइट खडकांची झीज होऊन ते ऑरेंज नदीबरोबर समुद्रात आले. दक्षिणेकडून येणारा वारा व लाटा यांनी ते किनाऱ्यालगत उत्तरेकडे वाहून नेले. या प्रवासात सदोष हिरे फुटून गेले. त्यामुळेच येथील मालात रत्नप्रतीच्या हिऱ्यांचे प्रमाण फार मोठे असते. हे हिरे तळखडकाच्या खाचखळग्यांतील गोट्यांच्या थरात अडकलेले असून त्यांवर वाळूचे जाड आवरण असते. ते काढावयाचे तर आधी वाळू हलवावी लागते. ओरान्येमुंड परिसरात ही उपसलेली वाळू समुद्रात लोटून बंधारे उभारले गेले, पाणी मागे हटविले गेले आणि जेथे लाटा फुटत होत्या तेथे खाणी खोदल्या गेल्या. २००८ साली अशाच एका बंधाऱ्याआड, समुद्रसपाटीच्या खाली, सोळाव्या शतकातील पोर्तुगीज जहाजाचे अवशेष सापडले. १५३३ साली हिंदुस्थानकडे निघालेले ‘बॉम जेझुस’ ते हेच, असे मानले जाते. त्यातील दोन हजारांहून अधिक सुवर्णनाण्यांची चर्चा पुष्कळ झाली. जहाजाचा सांगाडा कोरड्यावर पाहता आला तो मनुष्याने समुद्र मागे सारला म्हणून, ही बाब मात्र त्या चर्चेत काहीशी दुर्लक्षित राहिली.

आधाररेषा कोणत्या वर्षाची ?

१९०८ साली रेल्वेमजूर झकारियास लेवाला यास ल्यूडरिट्झजवळ हिरा सापडला आणि त्याच वर्षी जर्मन वसाहती सत्तेने किनाऱ्याचा विस्तीर्ण पट्टा ‘श्पेरगेबीट’, अर्थात निषिद्ध क्षेत्र, म्हणून घोषित केला. नामिबियाचा पर्यावरण व्यवस्थापन कायदा मात्र २००७ चा आहे. मधली जवळजवळ शंभर वर्षे कोणत्या रकान्यात लिहावयाची ? मूल्यमापनाच्या अहवालात ‘सद्यःस्थिती’ म्हणून जी नोंद होते, ती मुळातच ढवळलेल्या किनाऱ्याची असते. नव्या खाणीचा आघात तिच्याशी ताडून पाहिला म्हणजे तो स्वाभाविकपणेच अल्प ठरतो. आधीचे नुकसान अशा रीतीने पुढील नुकसानाचे समर्थन होऊन बसते.

याउलट एक गोष्टही मान्य करावी लागते. प्रवेशबंदीमुळे या पट्ट्यातील बराच भाग चराई, वस्ती व पर्यटन यांपासून मुक्त राहिला. रसाळ कारू या जैवविविधतासंपन्न प्रदेशातील वनस्पती तेथे टिकून राहिल्या आणि २००८ साली या क्षेत्रास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. खाणीचे कुंपण निसर्गाचे कुंपण ठरले. अर्थात हा संरक्षणाचा हेतू नव्हे, तर हिरेचोरीच्या भीतीचा उपफल होता. म्हणून तो खाणकामाच्या जमेच्या बाजूस मांडताना फारच सावधगिरी हवी.

समुद्रतळ व ‘नैसर्गिक चढउतार’

अलीकडच्या काळात उत्पादनाचा भर खोल समुद्राकडे वळला आहे. शंभर मीटरहून अधिक खोलीवरील तळ जहाजावरील यंत्रांनी उपसला जातो आणि चाळणीनंतर त्यातील बहुतांश रेती पुन्हा पाण्यात सोडली जाते. किनाऱ्यालगत पाणबुडे नळीने गोटे खेचतात. तेथे केल्प या समुद्री शैवालाची वने आणि शेवंडांचे आश्रयस्थान असलेले खडक आहेत. अशा ठिकाणी गाळाचा परिणाम तपासताना जो युक्तिवाद पुढे येतो तो असा की, बेंग्वेला प्रवाहाचा समुद्र मुळातच अस्थिर आहे, तेथे प्राणवायूची कमतरता व गंधकयुक्त वायूचे उद्रेक नैसर्गिकरीत्या घडतात, सबब खाणकामाचा आघात या चढउतारांच्या मर्यादेतच राहतो. यातील वस्तुस्थिती खरी आहे, निष्कर्ष मात्र तपासून पाहावा लागतो. वादळात हललेली वाळू पुन्हा स्थिरावते, परंतु उपसलेला गोट्यांचा थर पूर्वीच्या रचनेत परत बसत नाही. शिवाय ज्या जीवसृष्टीस आधीच ताण सोसावा लागतो, तिच्यावर आणखी ताण आल्यास तो नगण्य असतो, हे गृहीतक कशावरून ? चढउतार मोठा असला म्हणजे आघात नाही असे सिद्ध होत नाही. तो संख्याशास्त्रास दिसत नाही, एवढेच सिद्ध होते.

नदीमुखाची साक्ष

ऑरेंज नदीचे मुख हे या पद्धतीच्या मर्यादेचे सर्वांत ठळक उदाहरण. १९९१ साली दक्षिण आफ्रिकेने त्यास रामसर स्थळ म्हणून नोंदविले. अवघ्या चार वर्षांत, १९९५ साली, तेथील खाऱ्या दलदलीचा ऱ्हास झाल्याने ते माँत्रो नोंदपटात, म्हणजे संकटग्रस्त पाणथळींच्या यादीत, घालावे लागले. कारणे एकाहून अधिक होती : लगतचे हिरे-खाणकाम, वरच्या बाजूस गारीप व व्हॅन्डरक्लूफ धरणांमुळे बदललेला प्रवाह, आणि मुखाचे सदोष व्यवस्थापन. यांपैकी प्रत्येक प्रकल्प स्वतंत्रपणे तपासला असता तर कदाचित प्रत्येकास ‘मर्यादित परिणाम’ असा शेरा मिळाला असता. दलदल मात्र सर्वांच्या एकत्रित परिणामाने सुकली. प्रकल्पनिहाय मूल्यमापनात या एकत्रित परिणामास कोणीच धनी नसतो. त्यातच मूल्यमापन करणाऱ्या सल्लागाराची नेमणूक व मानधन प्रकल्पधारकाकडूनच होत असल्याने हा धनी शोधण्याची निकडही कोणास भासत नाही.

नदीच्या दक्षिण तीरावरील रिख्टर्सवेल्डच्या रहिवाशांना हा प्रश्न न्यायालयात न्यावा लागला तो पर्यावरणाच्या नव्हे, जमिनीच्या नावाने. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने २००३ साली जमिनीवर व तिच्यातील खनिजांवर त्यांचा परंपरागत हक्क असल्याचे मान्य केले आणि २००७ साली शासनाशी तडजोड झाली. हक्क परत मिळाला तेव्हा जमिनीतून कित्येक दशके हिरे काढले गेले होते आणि खणलेले खड्डे तसेच होते. पुनर्स्थापना कोणत्या स्थितीपर्यंत करावयाची, या प्रश्नाला तेथे तात्त्विक नव्हे तर पैशाचे रूप येते. तीच गोष्ट उत्तर तीरावर बंधाऱ्यांची. डागडुजी थांबली की लाटा ते कापू लागतात आणि किनारा पूर्वीच्या जागेकडे सरकू लागतो. पण ज्या खडकावर तो पूर्वी टेकला होता, त्यावरचे आवरण आता तेथे नसते.